बँडमास्तरचं काळीज

मला माझ्या दमाची घमेंड होती. साधीसुधी नव्हे, चांगली मिशीला पीळ देऊन मिरवण्याएवढी. कोल्हापुरात आमचा बँड माझ्या वडिलांपासूनचा. ते गेल्यावर क्लॅरोनेट माझ्या हातात आलं आणि त्याबरोबर लाल कोट, खांद्यावरच्या पिवळ्या झालरी आणि तुऱ्याची टोपी. तो सगळा साज चढवून मी वरातीपुढं उभा राहिलो की मला खरोखर वाटायचं, लोक नवरदेवाला नाही, मलाच बघायला आलेत. नवरदेव काय, आज हा, उद्या तो. मास्तर मात्र एकच!

आमच्या बँडचा एक नेम होता. वडिलांनी घातलेला. नवरदेव घोड्यावर बसला की मास्तरनं क्लॅरोनेट तोंडाला लावायचं आणि तो उतरेपर्यंत तोंडातनं काढायचं नाही. एक गाणं संपलं की त्याच दमात दुसरं धरायचं. बाकीचे बँड मधेच थांबायचे, चहा प्यायचे, बिड्या ओढायचे. आमच्याकडं ढोलवाल्यानं हात बदलला तरी चालायचं, ट्रंपेटवाल्यांनी आळीपाळीनं विसावा घेतला तरी चालायचं, पण मास्तरनं थांबायचं नाही. नाकावर माशी बसली तरी बसू द्यायची. या नेमापायी आम्हाला सुपाऱ्या जास्त मिळायच्या आणि लोक लांबून येऊन विचारायचे, "ते न थांबणारे मास्तर तुम्हीच व्हय?" मी म्हणायचो, "व्हय, मीच की." आणि पोट आत ओढून घ्यायचो. पोट तोवर बरंच बाहेर आलं होतं.

दिवसभर सिगारेट, सुपारीच्या गावी जेवण, घरी आलो की वाटीनं नव्हे तर तांब्यानं तांबडा रस्सा. कुणी काही बोललं की मी म्हणायचो, रोज एवढं फुंकतो, माझी छाती म्हणजे लोहाराचा भाता हाय. छातीत भात्याखेरीज आणखी एक वस्तू असते आणि तीही माझ्याबरोबर राबत असते, हा विचार माझ्या डोक्याला कधी शिवला नाही.

एकोणीसशे ऐंशीचं दशक सरत आलं होतं. थोरल्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगा मिरजेचा, रेल्वेत होता. पावसाळा संपला की निकाह करायचा असं दोन्ही घरांनी ठरवलं. मी साऱ्या पेठेला सांगून बसलो होतो, "आजवर गावाच्या पोरी वाजवत सासरी धाडल्या. आता माझी पोरगी मी वाजवत धाडणार." चहाच्या गाड्यावर सांगितलं, मशिदीबाहेर सांगितलं, तालमीच्या कट्ट्यावर सांगितलं. मुलगी म्हणायची, "अब्बा, अजून पत्रिका छापल्या न्हाईत आणि तुमच्या वाजवण्याची दवंडी पिटून झाली."

उन्हाळ्यात गडहिंग्लजला एका मोठ्या बागायतदाराच्या घरचं लग्न होतं. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला निघाला. घरापासून देऊळ म्हणजे हाकेच्या अंतरावर, पण घोड्यापुढं त्याचे दोस्त नाचायला लागले आणि घोडा जागचा हलेना. ऊन असं की कोटाच्या आत माझी उकड झालेली. आणि तशात छातीच्या मधोमध काहीतरी बसलं. दुखलं असं म्हणता येणार नाही. बसलं. आमचा मोठा ढोल कुणीतरी उचलून माझ्या छातीवर ठेवावा आणि वर स्वतः बसावं, तसं.

आता दुसऱ्या कुणाला असं झालं असतं तर तो खाली बसला असता. पण मी मास्तर! मी विचार केला, हा दम अडकलाय. दम अडकला की काय करायचं? लांब सूर लावायचा, म्हणजे वाट मोकळी होते. वडील आम्हाला शिकवायचे तसंच. मी डोळे मिटले आणि असा लांब सूर लावला, असा लावला, की नाचणारी पोरं थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली. सूर संपल्यावर टाळ्या पडल्या. एक फेटेवाला गर्दीतनं ओरडला, "पावणं, परत त्योच! त्योच लावा परत!" आणि मी परत लावला. हृदयविकाराचा झटका आलेला असताना फर्माईश पुरी करणारा माणूस जिल्ह्यात माझ्याआधी झाला असेल असं मला वाटत नाही.

आमचा मोठा ढोल वाजवणारा माझा लहानपणापासूनचा दोस्त. राधानगरीकडचा शेतकऱ्याचा मुलगा, भाताच्या कामातनं सवड काढून बँडला यायचा. तो ढोल बडवत माझ्या शेजारी सरकला. "मास्तर, तोंड पांढरं फटक पडलंय तुमचं." मला बोलता येत नव्हतं, तोंडात क्लॅरोनेट. मी भुवयांनी त्याला उन्हाकडं दाखवलं. डावा हात दंडापासून ठणकत होता, तोही मी क्लॅरोनेट धरल्यानं ठणकतोय असं धरून चाललो. क्लॅरोनेट दोन्ही हातांनी धरतात, मग एकच का ठणकावा, हे विचारायला त्या वेळी मी मोकळा नव्हतो.

नवरदेव एकदाचा उतरला. मी क्लॅरोनेट काढलं आणि देवळाच्या पायरीवर बसलो. ढोलवाल्यानं धावत जाऊन सोड्याची बाटली आणली. मी प्यालो, ढेकर दिला आणि जाहीर केलं, "गॅस हुता. गेला." गेला बिला काही नव्हता. पण पंगत बसली, पानात बुंदी आली आणि मी हात आडवा करून नको म्हणालो. मग मात्र आमच्या बँडमध्ये घबराट पसरली. मास्तर बुंदी नको म्हणतोय! ट्रंपेटवाला रडकुंडीला आला. ढोलवाला म्हणाला, "उठा, हितल्या डॉक्टरकडं जाऊ." मी म्हणालो, "मेलो तर कोल्हापुरात मरीन, चल गप." तिथंच चांगले डॉक्टर होते. पण मला माझ्या गावाचा डॉक्टर हवा होता, जणू दुसऱ्या गावच्या डॉक्टरला कोल्हापुरी काळीज वाचता आलं नसतं.

मग टेम्पोत, ढोल-ताशांच्या मधे, सतरंजीवर आडवा पडून मी आलो. रस्त्यात उसाच्या बैलगाड्या, खड्डे आणि प्रत्येक खड्ड्याला झांजा आपोआप वाजायच्या. ढोलवाला माझं डोकं मांडीवर घेऊन ड्रायव्हरला आईमाईवरनं शिव्या देत होता, तोही जोरात, म्हणजे त्याला वाटत होतं शिव्यांनी टेम्पो पळतो. ढोलवाल्यानं टेम्पो सरळ कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दवाखान्यावर न्यायला लावला. मुंबईहून शिकून नुकताच परत आलेला तरुण डॉक्टर तिथं हृदयाचं बघतो, असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. लाल कोटातला माणूस, त्याच्यामागं आणखी लाल कोटातली माणसं. सिस्टरला पहिल्यांदा वाटलं, कुणाच्या घरी मुलगा झाला म्हणून बँड आलाय.

डॉक्टरनं छातीला वायरी लावल्या, कागदाची पट्टी काढली, बघितली आणि विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"नवरदेव घोड्यावर बसला तवापास्नं."

"ते कधी?"

"मुहूर्ताच्या आधी," ढोलवाला म्हणाला.

डॉक्टरनं घड्याळ बघितलं. "मग इतका वेळ काय करत होता तुम्ही?"

"वाजवत होतो," मी म्हणालो. त्यात थोडी ऐट होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. डॉक्टरनं कपाळाला हात लावला.

तोवर बायको आणि मुलगी आल्या. डॉक्टरनं आम्हाला सगळ्यांना एकदमच सांगितलं. हृदय साऱ्या अंगाला रक्त पुरवतं, पण त्याचं स्वतःचं पोट भरायला त्याच्या अंगावर वेगळ्या रक्तवाहिन्या असतात. त्यातली एक गुठळी बसून बंद झालीय. तिच्यापुढचा हृदयाचा स्नायू सकाळपासून उपाशी आहे. जितका वेळ जाईल तितका तो मरत जाईल, आणि हा स्नायू एकदा मेला की पुन्हा उगवत नाही. एक नवीन इंजेक्शन आलंय, ते सलाईनमधनं सावकाश दिलं की गुठळी विरघळते. धोका आहे, पण द्यायला हवं. बायको म्हणाली, "द्या." तिला विचार करायला कधीच वेळ लागत नाही. मी मात्र विचारलं, "डॉक्टरसाहेब, पावसाळ्यानंतर वाजवता येईल न्हवं? पोरीचं लग्न हाय." डॉक्टर म्हणाले, "आज संध्याकाळ बघू या आधी."

सलाईन चालू झालं. छातीवरचा ढोल तसाच. मी छताकडं बघत पडलो होतो आणि मनात सगळं येत होतं. पोरीचा मांडव, सिगारेट सोडायची कधीच न घेतलेली कसम, वडील. भीती वाटत होती. मोठ्यानं सांगतो, फार भीती वाटत होती, आणि मी सिस्टरला दम देत होतो की पंखा नीट लावा.

आणि अचानक ढोल उठला. कुणी उचलून नेल्यासारखा छातीवरनं गेला. हातातला ठणका गेला. घाम थांबला. मला एवढं हलकं वाटलं की मी हसलो. "डॉक्टरसाहेब! झालं! काम झालं तुमचं! आता सोडा, उद्या इचलकरंजीची सुपारी हाय!" आणि मी कोपरावर रेटून उठून बसलो.

ठेका म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. आयुष्य त्यात गेलं. माझ्या छातीतला ठेका त्या क्षणी सुटला. आधी चार ठोके नीट, मग मधेच कुणीतरी पिऊन आलेला ताशावाला घुसावा तसे धडाधड, मग एकदम गप्प, मग पुन्हा धडाधड. शेजारच्या मशीनवरची रेघ वेडीवाकडी धावायला लागली. "झोपा! खाली झोपा!" डॉक्टर ओरडले. मी म्हणालो, "अवो, पण दुखत न्हाय..." आणि पुढचं मला आठवत नाही.

जाग आली ती छातीवर चटका घेऊन. केस जळल्याचा वास येत होता. डॉक्टर घामानं निथळत उभे होते, हातात विजेचा झटका द्यायचे, इस्त्रीसारखे दोन पत्रे. मी पहिलं वाक्य काय बोललो असेन? अल्लाचं नाव घ्यावं, बायकोला हाक मारावी. मी म्हणालो, "कुणी मारलं रं मला?"

आणि दारात उभी मुलगी हसायला आणि रडायला एकदमच लागली. तिनं सगळं बघितलं होतं. मी गेलो होतो तेही आणि आलो तेही.

दोन-तीन दिवसांनी मला चिडायला ताकद आली. गुठळी गेली, वाट मोकळी झाली, रक्त चालू झालं असं हे लोकच सांगतात. मग मला संडासापर्यंत चालवत का नाही? दोन पावलं टाकली की धाप. उताणं झोपलं की दम कोंडतो. भात्याचा पार चेंदामेंदा. मी डॉक्टरांना धरलं. "तुमचं औषध लागू पडलं का न्हाय, सरळ सांगा."

डॉक्टर स्टूल ओढून बसले. त्यांना माझ्यावर राग नव्हता, त्यानं मला आणखी राग आला. ते म्हणाले, "लागू पडलं. पण मास्तर, रक्त बंद पडल्यानं जशी इजा होते तशी रक्त परत आल्यानंही थोडी होते." म्हणाले, उपाशी स्नायूच्या आत सगळी उलथापालथ झालेली असते. नको ते साचलेलं असतं, भिंती कमजोर झालेल्या असतात. तशात ताजं रक्त एकदम घुसलं की काही पेशी सुजतात, काही फुटतात, ठेका बिघडतो. तुमचा तोच बिघडला. जो भाग जास्त वेळ उपाशी राहिला तो मेला. त्याच्या भोवतीचा भाग जिवंत आहे, पण बधिर आहे. रक्त मिळतंय, तरी काम करत नाही.

"म्हणजे औषधानंच मारलं की मला!" मी उसळलो.

"औषध दिलं नसतं तर तो सगळाच भाग गेला असता. आणि कदाचित तुम्हीही."

"मग द्यायचं तर सावकाश द्यायचं!"

"सावकाशच दिलं होतं. वाट कधी उघडेल ते आपल्या हातात नसतं."

मला काही हे पटेना. उपाशी माणसाला भाकरी दिली आणि भाकरीनंच तो आजारी पडला, हा कुठला न्याय? बायको खाटेशेजारी बसून मोसंबी सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "रोजा सोडताना तुम्ही काय करता?"

मी मोसंबीची फोड तोंडात कोंबली. कारण मी काय करतो ते अख्ख्या गल्लीला ठाऊक. दिवसभर पाण्याचा थेंब न घेता काढायचा, आणि अजान झाली की खजुरावर थांबायचं सोडून भजी, रस्सा, खिमा, सरबत सगळं एकदम पोटात ढकलायचं. मग रात्री तरावीहच्या नमाजाच्या वेळी पोट धरून ओट्यावर लोळायचं. दर रमजानला. दर रमजानला ती बजावते आणि दर रमजानला मी लोळतो.

"तुमच्या काळजानं तेच केलं," ती म्हणाली. "तुमचंच काळीज हाय, दुसरं काय करणार?"

डॉक्टर खो-खो हसले. म्हणाले, मी पुढच्या पेशंटला असंच सांगणार. मला ते जास्तच लागलं. पण मनात कुठंतरी गोष्ट बसली. मी विचारलं, "मग ह्यो बधिर भाग जागा कधी होणार?" ते म्हणाले, "काही दिवस, काही आठवडे. बहुतेक जागा होतो. किती होईल ते आज नाही सांगता येणार. त्याला मारून मुटकून उठवता येत नाही. पडून राहू द्यायचं."

पडून राहणं! मला! आणि भेटायला येणाऱ्यांचा लोंढा. आमच्याकडं माणूस मरता मरता वाचला की साऱ्या गावाला त्याचं तोंड बघायचं असतं. तालमीचे वस्ताद आले, गल्लीतले आले, ज्यांच्या लग्नात मी वाजवलं होतं ती जोडपी पोरं घेऊन आली. एकानं पांढरा रस्सा डब्यातनं आणला, कोटाखाली लपवून. म्हणाला, "ह्यानं रक्त हलतं." बायकोनं तो डबा आणि तो माणूस दोन्ही दाराबाहेर काढले. मग ती दारातच स्टूल टाकून बसली. आत येणाऱ्याला विचारायची, "बघायचं हाय का बोलायचं हाय?" बोलायचं म्हणणाऱ्याला परत पाठवायची.

घरी आल्यावर माझं रोजचं एकच काम होतं, स्वतःचा अंदाज घेणं. आज खाटेवरनं दारापर्यंत. आज दारापासून नळापर्यंत. आधी नळापाशी पोचून मी भिंतीला टेकायचो आणि शेजारीण विचारायची, "काय मास्तर, पाणी आलं का?" मी म्हणायचो, "बघतोय." पाणी येऊन गेलेलं असायचं. मग हळूहळू धाप कमी व्हायला लागली. रात्री उशा कमी लागायला लागल्या. एके सकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आलो आणि भिंतीला टेकलो नाही. बधिर भाग जागा होत होता! मी घरात शिरलो ते थेट ट्रंकेकडं. क्लॅरोनेट काढलं, जोडलं. नुसता एक सूर, बारीक. त्यात काय?

तोंडाशी बसवायची रीड नव्हती, आणि तिच्याशिवाय सूर निघत नाही.

"रीड माझ्याजवळ हाय," मुलगी मागनं म्हणाली.

"दे हिकडं."

"न्हाय."

मी आवाज चढवला. तिनं माझ्यापेक्षा चढवला. आमच्या घरात तो गुण सगळ्यांत आहे. बायको स्वयंपाकघरातनं म्हणाली, "आधी ठरवा मरायचं कुणी." मग मुलगी खाली बसली आणि शांतपणे बोलली, त्याचीच मला जास्त भीती वाटते. "अब्बा, मी दारात उभी होते. तुम्ही हसला, उठून बसला आणि डोळे फिरवले. मी बघितलंय. माझ्या लग्नात तुम्ही क्लॅरोनेट तोंडाला लावलं तर काझी विचारतील तेव्हा मी कबूल म्हणणार न्हाय. बसा मग मिरजेच्या लोकांची समजूत काढत."

अशी धमकी! बापाला! मी दिवसभर तिच्याशी बोललो नाही. संध्याकाळी बोललो, कारण चहा तिनंच आणला.

मला अजून डॉक्टरांची आशा होती. पाऊस उघडल्यावर मी राजारामपुरीत गेलो, त्यांच्यासमोर छाती काढून बसलो. त्यांनी पट्टी काढली, कान लावला, जिना चढायला लावला, परत कान लावला. म्हणाले, "मास्तर, छान. बधिर होता त्यातला बराचसा परत आला. पण सकाळी जो गेला तो गेला. चाला, फिरा, पोरांना शिकवा, मजेत राहा. वरातीपुढं उभं राहून फुंकायचं मात्र नाही."

"एकच गाणं."

"नाही."

"अर्धं."

"मास्तर, तुम्ही अर्ध्यावर थांबाल?"

हा मुंबईला शिकलेला माणूस मला एवढा ओळखून होता. मी शर्टाची बटणं लावली आणि जिना उतरलो. खाली रिक्षावाल्यानं विचारलं, कुठं जायचं? मी हातानंच पेठेकडं दाखवलं.

निकाहाचा दिवस आला. अंगणात मांडव, सतरंज्या, मिरजेची माणसं. मी ठरवलं होतं, बँड नकोच. मी वाजवणार नसेन तर कुणीच नको. पण दुपारी बघतो तर सगळे हजर. लाल कोट, झालरी, तुरे. ढोलवाला पुढं. "तुमी बोलावलं न्हाय," तो म्हणाला, "म्हणून आलो." काझींनी विचारलं आणि आतनं मुलीनं कबूल म्हटलं. तीन वेळा, मोठ्यानं, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं. ते ऐकून मिरजेचे लोक जरा चपापले.

मग निघायची वेळ झाली. ट्रंपेटवाल्यानं बिदाईचं गाणं धरलं. आणि मी मांडवाच्या दारात रिकाम्या हातांनी उभा होतो.

मी आयुष्यात किती पोरी सासरी धाडल्या कुणास ठाऊक. त्यातली एकही जाताना मी बघितली नव्हती. वाजवताना माझे डोळे मिटलेले असायचे. मला वाटायचं, सुरात रंगलो म्हणून. आणि तोंडात क्लॅरोनेट असलं की माणसाला रडता येत नाही. ओठ आवळलेले, श्वास मोजून सोडायचा. मला वाटायचं, माझं मन घट्ट आहे. सगळे बाप रडायचे आणि मी त्यांच्या शेजारी ताठ उभा राहून वाजवायचो, मनात थोडं हसायचो सुद्धा.

मुलगी दारातनं बाहेर आली. शालू, तोंडावर फुलांचा सेहरा, आईचा हात धरलेला. तिनं सेहरा बाजूला केला आणि माझ्याकडं बघितलं. माझे डोळे उघडे होते, तोंड मोकळं होतं. लपायला जागाच नव्हती.

मी भोकाड पसरलं. रडलो असं म्हणणं म्हणजे स्वतःची लाज राखणं झालं. मी लहान पोरासारखं, नाक वाहवत, आ वासून भोकाड पसरलं. इतक्या मोठ्यानं की ट्रंपेटवाल्याचा सूर हुकला, ढोल थांबला आणि बँड गप्प झाला. घोडं नाही, फर्माईश नाही, आणि मी एकटाच चालू. छाती धडधडत होती आणि मला थांबता येत नव्हतं. मिरजेचे पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले.

मुलगी पळत आली आणि माझ्या गळ्यात पडली. रडत होती आणि माझ्या कानात म्हणाली, "अब्बा, किती बेसूर रडता हो तुम्ही." मी हसलो, त्यानं आणखी रडू आलं. मग तिला गाडीत बसवलं. काच वर गेली. गाडी वळली आणि दिसेनाशी झाली.

मी तिथंच उभा होतो, धापा टाकत. तेवढ्यात बायको जवळ आली. ही बाई लग्न झाल्यापासून रस्त्यानं कधी माझ्या शेजारनं चालली नाही, दोन पावलं मागंच. चार लोकांत मला कधी तिनं नावानं सोडा, नजरेनं हाक मारली नाही. तिनं पदर सावरला, साऱ्या मांडवादेखत माझ्या शेरवानीच्या आत हात घातला आणि तळवा छातीवर टेकवला. ठोके बघत राहिली. "अगं, लोक बघताहेत," मी म्हणालो.

"बघू देत," ती म्हणाली आणि तिनं हात काढला नाही.